भुताला फुटले पाय

"माणूस आणि भूत यांच्यातला खरा भेद आत्म्याचा नाही, पापपुण्याचाही नाही. तो पायांचा आहे. माणसाला पाय असतात, भुताला नसतात. ज्या दिवशी हा भेद मिटेल, त्या दिवशी या देशातली कला, परंपरा आणि मरण, तिन्ही एकदम निकालात निघतील."

दिग्दर्शक कुरामोचीसान हे उभं राहून, एक हात टेबलावर टेकवून बोलले. त्यांच्या उजव्या पायात स्टुडिओची चप्पल होती. डाव्या पायात नुसताच मोजा होता, कारण दुसरी चप्पल सकाळपासून सापडत नव्हती.

कानाए तोबे मान खाली घालून उभी होती, त्यामुळे तिला तो मोजाच दिसत होता. चूक तिची नव्हती. तिचं काम धावपळीचं. घरी बसून चित्रं काढणाऱ्यांकडे गाडी घेऊन जायचं, रिकामी पाकिटं द्यायची, भरलेली आणायची, आणि वाटेत कागद भिजू द्यायचे नाहीत. अशा माणसाला स्टुडिओत दोनदाच हाक मारतात. पाकीट आलं नाही तेव्हा, आणि आलं तेव्हा.

आजची हाक काल इगाराशीसानांकडून आलेल्या पाकिटासाठी होती. 'हरवलेल्यांची खिडकी' ही मांगा, म्हणजे चित्रकथा, सात वर्षं मासिकात चालली होती, आणि आता तिची अ‍ॅनिमे मालिका निघत होती. तिची नायिका नागी हे एका स्टेशनातलं भूत. हरवलेल्या सामानाच्या खिडकीत बसून ती मेलेल्या माणसांना त्यांच्या मागे राहिलेल्या वस्तू परत देते. आठव्या भागाच्या शेवटी ती जिना उतरून निघून जाते. तेवढ्या जाण्यासाठी इगाराशीसानांनी बेचाळीस कागद काढले होते, आणि बेचाळीसच्या बेचाळीस कागदांवर नागीला पाय होते. चांगले बूट घातलेले. इतर देशांत म्हणे भुतांचे पाय उलटे असतात. इथे ती भानगडच ठेवलेली नाही. कमरेखाली धुकं सोडलं की काम भागतं.

"इगाराशीसानांना विचारा, बाबा, भूत कधी पाहिलंय का," कुरामोचीसान म्हणाले. "उद्या दुपारी चारपर्यंत पाय गेले नाहीत, तर हे काम दुसऱ्याला द्या. हेही, आणि पुढचे सगळे भागही."

कानाए "हो" म्हणाली आणि मनात दिवस मोजू लागली. पुढचे भाग गेले, म्हणजे मंगळवार आणि शुक्रवार गेले. गेलं वर्षभर आठवड्यातून दोनदा ती इगाराशीसानांच्या दाराशी उभी राहत होती, आणि वर्षभरात त्या माणसानं तीन वाक्यं वापरली होती. "आलात." "हे घ्या." "जिना ओला आहे, जपून." तिसरं वाक्य तो ऑगस्टच्या कडक उन्हातही म्हणायचा. त्या वाक्याचा अर्थ लावण्यात कानाएचे बरेच शुक्रवार गेले होते.

"जरा इकडे आणा ते कागद," कोपऱ्यातून हानायामासान म्हणाल्या. सगळ्यांच्या रेघा तपासून सुधारणाऱ्या त्या बाई साठीच्या पुढच्या होत्या आणि त्यांच्यापुढे कुरामोचीसानही आवाज खाली आणत. त्यांनी कागदांची गड्डी एका हातात धरली आणि अंगठ्यानं सरसर सोडली. नागी जिना उतरून गेली. त्यांनी पुन्हा सोडली. मग चष्म्यावरून कानाएकडे पाहिलं.

"तोबे, पोरी, तेवढी किटली घेऊन ये."

कानाए खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेली, किटली घेऊन आली.

"आता ठेवून ये."

ती ठेवून आली. खोलीतल्या पेन्सिली थांबल्या होत्या.

"डावा खांदा खाली," हानायामासान कागदांकडे बघत म्हणाल्या, "दर तिसऱ्या पावलाला मान किंचित मागे, जणू कुणी हाक मारेल. डावं पाऊल आत वळलेलं. कुरामोची, या भुताचा पत्ता लागला. आपल्याकडेच पगारावर आहे."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. कानाएनं कागद पाकिटात भरले, पाकीट रेनकोटाच्या आत पोटाशी धरलं आणि ती बाहेर पडली.

पाऊस बारीक होता, दिवसभर रेंगाळणारा. इगाराशीसानांच्या घराच्या लोखंडी जिन्याशेजारी निळ्या अजिसाईच्या फुलांचे गेंद पाण्यानं जड होऊन वाकले होते. आज जिना खरोखरच ओला होता. तिनं बेल वाजवली.

"आलात," इगाराशी म्हणाला. मग त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. केस चिंब, पाकीट कोरडं. "शुक्रवार आहे का आज?"

"बुधवार आहे. मला आत यायचंय."

ही दोन्ही वाक्यं त्यांच्या व्यवहारात बसणारी नव्हती. तो बाजूला झाला. कानाएनं वर्षभरात पहिल्यांदा त्या दाराशी बूट काढले, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की डाव्या मोज्याला अंगठ्याशी भोक आहे. त्याच्याही लक्षात आलं. त्यानं सभ्यपणे छताकडे पाहिलं.

खोलीत एक टेबल, एक दिवा, आणि उरलेल्या जागेत कागद. त्यानं एक गड्डा उचलून उशी मोकळी केली. ती बसली. टेबल खिडकीला लावलेलं होतं आणि खिडकीतून जिना दिसत होता. अगदी खालच्या पायरीपर्यंत.

"इगाराशीसान, नागीला पाय आहेत."

तिनं पाकीट पुढे केलं. पाकीट उघडून त्यानं पहिला कागद काढला, दुसरा, पाचवा... मग हळूच म्हणाला, "अरेच्चा."

"बेचाळीस कागद काढताना एकदाही लक्षात आलं नाही?"

"नाही. मी... पाहिलं तसं काढलं."

"कुठे पाहिलंत?"

त्याचे कान लाल झाले. चेहरा मात्र तसाच राहिला. कानांना कुणी काही शिकवलेलं नसावं.

"सीनच्या कागदावर एक ओळ होती," तो म्हणाला. "'नागी जाते. पाहणाऱ्याला वाटावं, थांबली असती तर बरं.' चार दिवस मी तेवढीच ओळ घेऊन बसलो. भूत कसं जातं ते मला ठाऊक नाही. आणि असं... असं वाटायला लावणारं जाणं मी आयुष्यात एकच पाहिलं आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी."

बाहेर पन्हाळीतून पाणी टपटपत होतं.

"म्हणजे तुम्ही चोरून बघता."

"कामासाठी," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, "म्हणजे, नंतर-नंतर कामासाठी."

"आणि भुतासाठी माझा नमुना घेतलात. ही मुलीला सांगायची गोष्ट आहे का?"

"म्हणून तर सांगितली नव्हती."

ती हसायचं नाही असं ठरवून हसली. "वर्षभरात एकदा 'थांबा' म्हणायला काय झालं होतं?"

"तुमच्या गाडीत आणखी चार घरांची पाकिटं असायची."

पाकिटं खरोखरच असायची. तिला वाटलं, आपण इतकी वर्षं लोकांच्या दारांवरून येतो-जातो, कुणाला आपला चेहरा आठवत नसेल, आणि इथे एक माणूस आपली पाठ बेचाळीस वेळा काढून बसलाय. आपला डावा खांदा खाली जातो हे आईलासुद्धा माहीत नाही.

"कुरामोचीसान म्हणालेत, उद्या चारपर्यंत पाय गेले पाहिजेत. नाहीतर पुढचे भाग दुसऱ्याला देणार."

"जातील."

"मग..." तिनं वरचा कागद हातात घेतला. तिचेच बूट, आत वळलेलं तिचंच पाऊल. "मग मी यातून गेले म्हणायची."

त्यानं तिच्या हातातून कागद घेतला नाही. नुसता तळहात त्यावर ठेवला, नागीच्या गुडघ्याखालचं सगळं झाकलं. "बघा."

तिनं पाहिलं. झुकलेला खांदा तिथेच होता. मागे वळू-वळू पाहणारी मानही.

"चालणं पायांत नसतं," तो म्हणाला. हे वाक्य त्याच्या नेहमीच्या तिन्हींत नव्हतं, म्हणून बहुधा तो स्वतःच दचकला. "पाय मी खोडतो. तुम्ही... कानाएसान... तुम्ही मात्र..."

"मी मात्र काय?"

"थांबा."

गाडीत पाकिटं नव्हती. असती तरी आज तिनं ती मोजली नसती. त्याचा हात अजून कागदावर होता; तिनं आपला हात त्याच्यावर ठेवला, ओला आणि गार. तो हलला नाही.

"थांबते," ती म्हणाली. "आज थांबते. आणि शुक्रवारीही."

पाऊस थांबला होता की काय कोण जाणे, पन्हाळ आता ऐकू येत नव्हती. इगाराशीनं एकदा तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. कान पुन्हा लाल झाले होते.

"एक विचारू का?"

"विचारा की."

"जरा उठता का? माझं खोडरबर तुमच्याखाली आहे."