तीन, पाच, सात

"अहो... अहो स्कूटरवाले! इथे गाडी सुरू करायची नाही!"

ती खिडकीतून इतक्या जोरात ओरडली, की कपातला अर्धा चहा कठड्यावर सांडला. खाली भुरभुर पावसात एक माणूस जुनाट स्कूटरला किक मारत होता. अंगात रेनकोट नव्हता. म्हणजे रेनकोट होता, पण तो मागच्या सीटवरच्या वह्यांच्या गठ्ठ्याला घातलेला होता, अगदी गळ्यापर्यंत बटणं लावून.

त्याने वर पाहिलं. केसांतलं पाणी कपाळावर आणि कपाळावरचं डोळ्यांत.

"सुरू होतच नाहीये, मॅडम," तो म्हणाला. "तुमचा नियम आपोआप पाळला जातोय."

तिला हसू आलं. हसायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून जरा जास्तच आलं.

नियम तसा साधा होता. त्या आवारात आकाशाकडे तोंड करून बसलेली एक अवाढव्य रेडिओ दुर्बीण होती. लांबच्या ताऱ्यांकडून येणारी बारीक कुजबुज ऐकणं हे तिच्या तबकडीचं काम, त्यामुळे जवळचा कुठलाही खुळखुळा तिला खपायचा नाही. म्हणून आत मोबाइल नाहीत आणि पेट्रोलच्या गाड्या गेटवर बंद करून ढकलत आणायच्या. 'इंजिन सुरू करू नये' अशी पाटीच होती. हा माणूस नवा बाइंडर होता. मंगळवारी आणि शुक्रवारी येऊन नोंदींचे सुटे कागद न्यायचे आणि शिवलेली रजिस्टरं आणून द्यायची, हे त्याचं काम. आधी त्याचे काका यायचे. ते पायी यायचे, त्यामुळे असा प्रसंग कधी आलाच नव्हता.

आणि ती? ऑफिसात सगळे तिला कानसेन म्हणायचे. गाण्याच्या नावाने आनंद, पण ऐकायला बसली की जेवणाची शुद्ध नाही. तिला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. एवढ्या मोठ्या पसाऱ्यात विचार करणारं डोकं फक्त माणसालाच मिळालंय, की आणखी कुणाला? सरांचं, म्हणजे तिच्या साहेबांचं, मत ठरलेलं होतं. "डोकं एकट्या माणसालाच मिळालंय," ते म्हणायचे, "आणि तोही ते जपून ठेवतो. वापरून खराब करत नाही."

मंगळवारी आणि शुक्रवारी तिच्या वाट्याला एक फिकट तारा होता. तो वर आला की ती तबकडी त्याच्यावर लावायची. मग वीस मिनिटं यंत्र आपलं आपण नोंदत बसायचं, कागदाच्या पट्टीवर पेन सरकत राहायचं, आणि ती चहा घेऊन खिडकीशी जायची. त्या दिवशी बाइंडरवर ओरडून ती परत आली, तर पट्टीवरच्या सपाट रेषेत तीन टोकं उभी होती. एकसारखी, सुईसारखी.

असेल काहीतरी, म्हणून तिने सोडून दिलं.

शुक्रवारी पुन्हा तीन टोकं. मग जरा मोकळी जागा आणि पाच टोकं. पुन्हा मोकळी जागा आणि सात!

ती खुर्चीत बसली ती बसलीच. तीन, पाच, सात... कशानेही भाग न जाणाऱ्या संख्या, त्याही ओळीने. वाऱ्याला भागाकार येत नाही. विजेला येत नाही. हे कुणीतरी मोजून पाठवलं होतं. रजिस्टरमध्ये 'उगम' नावाचा एक रकाना असतो, आवाज कुठून आला ते लिहायचा. तिथे तिने लिहिलं — अज्ञात.

मग मंगळवार आणि शुक्रवार हे तिचे सणाचे दिवस झाले. पण कशामुळे, हे मात्र तिला नीट सांगता येईना. कारण खिडकीखाली तोही असायचाच.

"आज तरी होणार का सुरू?"

"गेटबाहेर नेली की होते. इथेच रुसते."

"मेकॅनिकला दाखवा की!"

"दाखवली. तो म्हणाला, गाडीत दोष नाही. खिडकीखालून नेऊ नका."

यावर ती रिकाम्या कपातला चहा प्यायली.

एकदा त्यानेच विचारलं, "मॅडम, खरंच वर कोणी असेल?"

तिच्या ओठांवर ते गुपित आलं होतं. तिने ते कसंबसं गिळलं. "असेल. कदाचित."

"आणि त्यांनी काही सांगितलं, तर आपल्याला कळेल?"

"न कळायला काय झालं? आपण काय बुद्दू आहोत?"

"नाही, म्हणजे..." तो स्कूटरचा आरसा पुसू लागला. स्वच्छ आरसा. "इथे दहा हातांवरचं माणूस काय सांगतंय ते कळत नाही कधीकधी... म्हणून म्हटलं."

संध्याकाळभर ती त्या वाक्याभोवती घोटाळत राहिली. तो कुणाबद्दल बोलत होता? तिला काही कळलं नव्हतं, की त्याला? शेवटी लँडलाइनवर धाकट्या बहिणीचा फोन आला, तेव्हा तिने सगळं सांगून टाकलं.

"ताई, एक मिनिट," धाकटी म्हणाली. "तू ताऱ्याबद्दल बोलतेयस की बाइंडरबद्दल? मला दोघांची सरमिसळ ऐकू येतेय."

"ताऱ्याबद्दल! अर्थातच ताऱ्याबद्दल."

"बरं. मग ताऱ्याने वह्यांना रेनकोट कधी घातला?"

तिने फोन ठेवून दिला. कान गरम झाले होते.

सहा आठवड्यांनी तिने सगळ्या पट्ट्या सरांपुढे पसरल्या. सरांनी चष्मा वर केला, खाली केला.

"जवळचाच काहीतरी गोंगाट असेल. रोज घड्याळाच्या ठरलेल्या ठोक्याला येतो का?"

"नाही ना, सर! तीच तर गंमत आहे." तिचा आवाज चढला. आकाशातला प्रत्येक तारा रोज चार मिनिटं लवकर उगवतो, हे तिथल्या शिपायालाही पाठ होतं. माणसाची यंत्रं घड्याळ पाळतात, तारे पाळत नाहीत. "पहिल्यांदा आला तेव्हा सव्वापाच वाजले होते. आता अडीचला येतो. रोजची चार मिनिटं बरोबर! हा ताऱ्याची वेळ पाळतो, सर."

सरांनी पेन्सिल घेऊन स्वतः हिशोब केला. आणि सरांनी डोकं वापरलं, ही त्या ऑफिसातली दुसरी ऐतिहासिक घटना होती.

ठरलं. शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता जगभरच्या वेधशाळांना पत्र जाणार. खाली सही तिची. खरं ठरलं तर सोनं, आणि चुकलं तर असं हसं होईल, की पुन्हा कुणी तिला तबकडीच्या आसपास फिरकू देणार नाही. रजिस्टर नीटनेटकं दिसावं म्हणून तिने मंगळवारी सगळी पानं बाइंडरकडे दिली.

"जपून हं. माझा जीव आहे यात."

"मग सातवाली शिलाई घालतो," तो म्हणाला. ती इतकी हवेत होती, की ते तिच्या कानावरून गेलं. कानसेनच्या!

शुक्रवारी तिने तबकडी ताऱ्यावर लावली, चहा घेतला आणि खिडकीशी गेली. खाली कोणी नव्हतं. ओला रस्ता, आणि झाडाखाली स्कूटर एकटीच उभी.

ती परत आली. पट्टीवर रेषा सपाट होती.

एकाच वेळी दोन्ही गेले. आणि वाईट नक्की कुणासाठी वाटतंय, हे तिला कळेना. सहा आठवड्यांत पहिल्यांदाच तिला स्वतःची भीती वाटली.

दारावर टकटक झाली. बाइंडर पहिल्यांदाच वर आला होता. हातात रजिस्टर, आणि चेहरा असा, की जणू कुणाचं काहीतरी फोडून आलाय.

"मी वाचलं," तो म्हणाला. "बाइंडरने पानांचे आकडे तेवढे बघायचे असतात... पण मी वाचलं. तुम्ही लिहिलंय, बारा तारखेला फक्त तीन आणि पाच, सात नाही."

"हो. ते मलाही कोडंच आहे."

"त्या दिवशी गेटवरच्या वॉचमनकाकांनी हाक मारली होती. सात मारायच्या राहिल्या."

"काय मारायच्या?"

"किका."

तिने हातातला कप टेबलावर ठेवला.

"लहान वहीला शिवताना तीन भोकं पाडतो आम्ही," तो खाली बघत भराभर सांगू लागला. "मधल्या वहीला पाच, जाडीला सात. दोरा मधल्या भोकात फिरून परत यावा लागतो, म्हणून भोकं विषमच. हाताला तीच मोजणी बसलीय. तुम्ही खिडकीत आलात की माझं लक्ष... ठिकाणावर राहायचं नाही. मग मोजत बसायचो. तीन, पाच, सात."

"पण गाडी तर सुरूच होत नव्हती!"

"पहिल्या दिवशी खरंच रुसली होती. नंतर पेट्रोलचा कॉक बंद ठेवायचो मी. इंजिन सुरू झालं असतं तर नियम मोडला असता. आणि गाडी धड आहे म्हटल्यावर थांबू कशाला, तुम्हीच सांगा."

"ठिणगी!" तिने कपाळावर हात मारला. "अहो, पेट्रोल असो नसो, किक मारली की प्लगला ठिणगी पडते! ही तबकडी ठिणगीच ऐकते. आमच्या ट्रेनिंगच्या पहिल्या पानावर आहे ते..." पहिल्या पानावर. आणि ती सहा आठवडे खिडकीतून त्याच्या किका बघत होती, हसत होती, आणि परत येऊन आकाशाचे आभार मानत होती. मग एकदम तिला आशा दिसली. "पण नाही! वेळ? तो ताऱ्याची वेळ पाळत होता. तुम्हाला कुठे माहीत तारा कधी उगवतो!"

"तारा कुठला, मॅडम," तो म्हणाला. "मी तुमच्या चहाची वेळ पाळत होतो. आधी सव्वापाचला यायचात. मग लवकर, मग आणखी लवकर. मला वाटलं, ऑफिसची वेळ बदलतायत. चुकामूक नको म्हणून मंगळवारी तर मी एक वाजल्यापासून झाडाखाली उभा होतो."

तिचा तारा गेला होता, आणि तिला रडू येत होतं. आणि त्याच वेळी, अगदी त्याच वेळी, कुणीतरी आपल्यासाठी दर खेपेला आणखी लवकर येत होतं, हे कळून छातीत काहीतरी नाचतही होतं. यातलं खरं कोणतं धरायचं?

"गप्प बसला असतात तर मला कधीच कळलं नसतं," ती म्हणाली. आवाजात राग होता. थोडा.

"पत्रावर सही तुमची आहे ना."

"जा खाली. आणि मी सांगते तेवढ्याच मारा."

तो गेला. ती पट्टीसमोर बसली आणि खिडकीकडे तोंड करून ओरडली, "तीन!"

पेन तीनदा उडालं.

"पाच!"

पाचदा.

"सात!" या वेळी आवाज फुटला. सातही टोकं सुबक उभी राहिली. सहा आठवडे ज्याच्यासाठी तिने झोप घालवली होती, तो खिडकीखाली एका पायावर उभा होता. डोळ्यांतलं पाणी पट्टीवर पडलं, तरी ओठ मात्र हसायला निघाले होते.

मग रेषा सपाट झाली. बराच वेळ सपाट राहिली. आणि तिने काही सांगितलेलं नसताना, पेन एकदाच, अगदी हळू उडालं. जसं कुणीतरी भीतभीत दार वाजवावं तसं.

तिने ते एकटं टोक बोटाने चाचपून पाहिलं. आकाशातून आलेलं कुठलंच टोक इतकं सरळ तिच्यासाठी नव्हतं. रजिस्टर उघडून तिने उगमाच्या रकान्यातलं 'अज्ञात' खोडलं आणि लिहिलं — पृथ्वी. खिडकीखाली.

सर पत्राचा मसुदा घेऊन आत आले. त्यांनी पट्टी पाहिली, रकाना पाहिला, खिडकीतून खाली वाकून पाहिलं. मसुद्याची घडी करून खिशात घातली.

"म्हणजे वर कोणी नाही," ते म्हणाले.

"ते अजून माहीत नाही, सर. पुढच्या मंगळवारी पुन्हा ऐकते. गेटवर स्कूटर अडवून."

"आणि हा खालचा? बुद्धिमान आहे का?"

तिने कपाटातून दुसरा कप काढला, चहा ओतला आणि दोन्ही कप सांभाळत दाराकडे निघाली.

"नक्की सांगता येत नाही, सर," ती म्हणाली. "जवळून बघावं लागेल."