मातृभाषेचा रकाना

"घरात कन्नड बोलता न्हवं तुम्ही, विरूपाक्षराव?"

हंबीरराव सरांनी चष्मा कपाळावर सरकवत अगदी सहज विचारलं, आणि विरूपाक्षाच्या तोंडचं पाणीच पळालं! समोर शांभवी बसलेली, टेबलावर तिच्या सीईटीच्या निकालाचा कागद, आणि स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन शांतव्वा... त्याची आई. प्रश्न ऐकून ती तिथंच थबकली होती.

हंबीरराव सर म्हणजे तळमजल्यावरचे निवृत्त गणिताचे मास्तर. मागच्या सात वर्षांचे कट-ऑफ त्यांना तोंडपाठ. कळंबा भागातली कितीतरी पोरं फॉर्म भरायच्या आधी त्यांच्या पायरीवर येऊन बसत, आणि सर कुणाची भीडभाड न ठेवता सांगून टाकत.

"चौऱ्याण्णव पर्सेंटाइल. पुण्याच्या त्या कॉलेजात खुल्या जागेतनं शंभरात पाच चान्स, त्योबी नशीब असंल तर! पण संस्था कन्नड लोकांची हाय. त्यांच्या राखीव जागा गेल्या साली एकोणनव्वदला बंद झाल्या. तितनं ही पोरगी डोळे झाकून लागती बघा!"

"खरंच सर?" शांभवीचे डोळे असे लकाकले, की बापाला तिच्याकडे बघवेना.

"पर पोरीच्या शाळेच्या दाखल्यावर मातृभाषा मराठी कशी काय?" सर दाखला उलटसुलट करत म्हणाले. "असू दे. तुमचा जुना कन्नड शाळेतला दाखला जोडा, आणि घरातल्या थोरल्या माणसाचं प्रतिज्ञापत्र, की नातीशी कन्नडच बोलतो म्हणून. झालं काम!"

झालं काम! बोलायला काय जातंय? मातृभाषेचा तो रकाना कुणी आणि का भरला होता, हे त्या घरात दोनच माणसांना ठाऊक होतं. त्यातलं एक आता मुकाट्यानं चहा ठेवून आत निघून गेलं.

पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. शांभवी दोन वर्षांची असताना तिची आई गेली, आणि आपलं सीमेवरचं गाव, शेत, मैत्रिणी सगळं सोडून शांतव्वा लेकाच्या संसाराला आली. काय आवाज होता त्या बाईचा! विहिरीवरून हाक मारली तर वेशीपर्यंत ऐकू जायची. मग पोरीच्या नर्सरीच्या मुलाखतीचा दिवस उजाडला. मोठी इंग्रजी शाळा, व्हरांड्यात अत्तर मारून बसलेले पालक... आणि विरूपाक्ष सकाळपासून उपाशी म्हणून ही माउली डबा घेऊन थेट तिथं आली आणि लांबूनच ओरडली, "ऊट आतेनो, विरुपा?" जेवलास का रे, एवढंच तर विचारलं होतं! पण सगळा व्हरांडा वळून बघायला लागला, दोघी-तिघी तोंडाला रुमाल लावून हसल्या. विरूपाक्षाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी येऊन तो म्हणाला होता, "अव्वा, हितनं पुढं ह्या घरात कन्नड नको. पोरीला लोक हसतील. पोरीसंगट तर अजिबात न्हाय."

शांतव्वानं का म्हणून विचारलं नाही. "बरं," म्हणाली. मराठी तिला धड येत नव्हती, म्हणून ती गप्पच झाली. आजी मुळातच अबोल आहे, असं नात समजत राहिली... आणि बापानं तसं समजू दिलं! तीच खरी त्याच्या काळजातली सल होती.

दोन दिवसांनी तिघं कोर्टाबाहेर नोटरीच्या टेबलापाशी बसले. विरूपाक्षानं मनाची समजूत घातली होती, की आपण जातिवंत कन्नड, यात खोटं ते काय? शांभवीला त्यानं एवढंच सांगितलं होतं, की तू लहान असताना आजी बोलायची, तुला आठवत नसेल.

नोटरीनं कागद वाचून दाखवला. "माझी नात शांभवी हिच्याशी मी तिच्या लहानपणापासून कन्नड भाषेतच बोलत आले आहे... बरोबर हाय न्हवं, आज्जी?"

"सही करतो की मी. पोरीचं भलं होतंय न्हवं?" शांतव्वा मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली.

"तसं नव्हं. हे खरं हाय का, ते सांगायचं."

शांतव्वानं लेकाकडे पाहिलं. बोलू का? तुला चालंल का? एवढंच ती नजर विचारत होती. पंधरा वर्षं ही बाई आपल्याच लेकाच्या घरात असंच विचारत आली होती! मग तिचा हात सवयीनं गळ्यातल्या लिंगाकडे गेला... आणि मध्येच थांबला. तिनं तो हळूच मांडीवर ठेवला. खोटं बोलायचं होतं ना, मग देवाला कसा हात लावणार?

"व्हय," ती म्हणाली. "खरं हाय."

जन्मात कधी खोटं न बोललेल्या आईनं त्याची लाज झाकायला आज खोटं बोलून दाखवलं! विरूपाक्षाला ते सोसवेना. त्यानं कागदावर हात ठेवला.

"थांबा साहेब. खोटं हाय ते." त्यानं कागद आपल्याकडे ओढला. "मीच हिचं तोंड बंद केलं. मला लाज वाटत होती हिची... माझ्या आईची! शाळेच्या फॉर्मवर मराठी मीच लिवलं. शांभवी, तुझी आज्जी अबोल नव्हती गं..."

आजूबाजूची माणसं बघत होती. पंधरा वर्षांपूर्वी असंच बघणाऱ्यांना भिऊन त्यानं आईला गप्प केलं होतं. आज त्याला त्यांचं काहीच वाटलं नाही. वाटत होतं ते समोर पांढऱ्याफटक चेहऱ्यानं बसलेल्या लेकीचं.

शांभवीनं बापाकडे पाठ केली. ती आजीकडे वळली.

"आज्जी... मला झोपवताना तू नुसतंच हं हं करत गुणगुणायचीस. त्या गाण्याला शब्द होते?"

शांतव्वाची मान खाली गेली. मग फाटलेल्या आवाजात ते शब्द आले. "जो जो कूसा... मलगु कूसा..." झोप गं माझ्या बाळा! बस्स, एवढंच. एवढेच चार शब्द त्या माउलीनं पंधरा वर्षं घशात अडवून धरले होते! शांभवीनं तिच्या मांडीत डोकं खुपसलं आणि ती हमसून हमसून रडायला लागली.

सरांना कळलं तेव्हा ते ताडकन म्हणाले, "येडं का काय तुम्ही? हाताशी आलेली जागा घालवली की!"

"मीच घालवली सर. पंधरा वर्षांमागं."

"पर कन्नड तर हायसाच न्हवं? दुसरा कागद करू."

तेव्हा शांभवी पुढे झाली. "नको सर. तिथं जाऊन मी काय सांगू? माझ्या आज्जीला गप्प बसवलं, त्याबद्दल मला जागा द्या म्हणून?" एवढं बोलली खरी, पण पुण्याचं स्वप्न सुटलं ते सुटलंच. त्या दिवसापासून ती बापाशी बोलेनाशी झाली, आणि त्यानंही बोल म्हणून आर्जव केलं नाही. कुठल्या तोंडानं करणार होता?

शेवटी इथल्याच एका कॉलेजात, दुसऱ्या पसंतीच्या शाखेला नंबर लागला. पहिल्या दिवशी विरूपाक्ष तिला सोडायला निघाला. खाली हंबीरराव सर पेपर वाचत बसलेले, गेटपाशी चार बायका भाजी निवडून घेत होत्या. त्यानं स्कूटरला किक मारली, एवढ्यात तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खणखणीत हाक आली.

"ऊट आतेनो, विरुपाऽऽ?"

भाजीवाल्यासकट सगळ्यांनी माना वर केल्या. शांतव्वा कठड्याला धरून उभी होती, आणि ओरडून झाल्यावर एकाएकी घाबरल्यासारखी तिनं पदर तोंडाशी नेला. शांभवी मागच्या सीटवरून बापाच्या मानेकडे बघत राहिली.

विरूपाक्षानं स्कूटर बंद केली. खाली उतरला. मान वर करून, सगळ्यांच्या देखत, छातीतला होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडला.

"आतु, अव्वाऽऽ!"

मग डोळे पुसत तो परत स्कूटरवर बसला. किक मारायला पाय उचलला, तेवढ्यात कितीतरी दिवसांनंतर पहिल्यांदा मागून हात येऊन त्याच्या खांद्यावर पडला.

"पप्पा," शांभवी हळूच म्हणाली, "ते 'आतु' म्हणजे 'झालं' ना?"