वाफ्यांतून आलेलं पाणी

दवाखान्यातल्या कंपाउंडरच्या धाकट्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. तो नातवंडं बघायला निघाला होता, तेवढ्यात प्रत्येक तपासाला त्याला सोबत नेणाऱ्या हेरबाईंनी दारातच गाठलं. "जुळी पळून जात नाहीत. चला!"

हेरबाईंना बोलावणाऱ्या मालकीणबाईंच्या शेडमधल्या मोठ्या टाकीत सगळे मासे पोट वर करून तरंगत होते.

"टाकीचं पाणी पालकाच्या वाफ्यांत जातं," मालकीणबाई डोळे पुसत म्हणाल्या. "माशांची घाण रोपांचं खत होते आणि स्वच्छ पाणी परत टाकीत येतं. म्हणून मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, इथे औषध फवारायचं नाही."

"जावयानेच विष कालवलं!" त्यांचे सासरे कडाडले आणि भिंतीला टेकले. "या वासाने सकाळपासून मळमळतंय मला. संध्याकाळच्या आत बायकोला घेऊन त्याने चालतं व्हावं!"

सासऱ्यांची लेक कोपऱ्यात मुसमुसत होती.

"ट्रक लावायला मी शेड मागितली होती, ती मिळाली नाही," जावई म्हणाला. "काल रागाच्या भरात म्हणालो, मरू देत ते मासे. पण केलं काही नाही."

शेजारच्या टबात माशांची पिल्लं मजेत पळत होती.

"यांचं खाणं वेगळं?" हेरबाईंनी विचारलं.

"खाणं तेच, नळही तोच. फक्त हा टब वाफ्यांना जोडलेला नाही."

कंपाउंडरने पालकाचं पान उलटलं. खाली मावा काळा पडून चिकटला होता. "कीड मेलीय की! आणि तंबाखूचा वास येतोय."

"काल मी बाजारात गेले तेव्हा तर वळवळत होती," मालकीणबाई म्हणाल्या.

"जावईच," कंपाउंडर कुजबुजला.

"तुमचं डोकं जुळ्यांपाशीच राहिलंय." हेरबाई सगळ्यांकडे वळल्या. "पिल्लं जगली, म्हणजे खाण्यात खोट नाही, नळातही नाही. विष वाफ्यांतून आलं. जावयाला मासेच मारायचे असते, तर सरळ टाकीत ओतलं असतं. पान न् पान उलटून कशाला धुतलं असतं? हे पिकावर जीव असलेल्या हाताचं काम. तंबाखूचं पाणी उघड्या हातांनी मारलं की अंगात भिनतं आणि मळमळतं. बाबा, किती तंबाखू उकळलीत?"

म्हाताऱ्यांनी आपल्या तपकिरी नखांकडे पाहिलं. "सूनबाई औषध नको म्हणाली, म्हणून घरचं केलं. जन्मभर भाजीवर हेच मारलं मी. ते माशांपर्यंत जाईल, हे ध्यानातच आलं नाही."

जावयाने त्यांच्या काखेत हात घातला. "आधी डॉक्टरांकडे चला. भांडू नंतर."

सासरे त्यानंतर तीन वर्षांनी, थंडी सरता सरता वारले. लेक-जावई तेव्हा त्याच घरात होते.