साहेबांचा बाबली

मोबाईल उलटे ठेवा पोरांनो, म्हणजे सांगतो. सुदेशला तुम्ही सगळे ओळखता. आता रिक्षा चालवतो, तेव्हा एका माजी मंत्र्याची गाडी चालवायचा. गेल्या मार्गशीर्षातल्या अमावास्येला, रात्री अकराच्या सुमारास, तो साहेबांना घेऊन मालवणहून कुडाळला निघाला. वालावलच्या वाटेने.

पुढची डावी सीट रिकामी होती. ती बाबलीची. उभी हयात बाबली साहेबांच्या मागेपुढे धावला. चष्मा, गोळ्या, पाणी... साहेबांनी हाक मारून नुसता हात पुढे करायचा, वस्तू हातात. त्याच्या तोंडाकडे त्यांनी कधी धड पाहिलंही नसेल. त्या रात्रीच्या पंधरवडाभर आधी खाडीत होडी उलटली. साहेब वाचले, बाबली गेला. साहेबांनी पेपरवाल्यांना सांगितलं, पिऊन होता, त्यानेच होडी उलटवली. आणि पेपरांनी ते छापलं, निर्लज्जासारखं!

काठावरून सगळं पाहणारा एकटा सुदेश. दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांत त्याचा जबाब होता. मागच्या सीटवरून साहेबांनी विचारलं,

"उद्या काय सांगतलंस?"

"साहेब, तेना कधी दारूक हात लावल्यान नाय."

"घरात पोरां आसत मां तुझ्या? मग तो पिऊन होतो म्हणान सांग. मेललो काय उठान साक्ष देवचो नाय."

साहेब हसले. हसता हसता ठसका लागला. मोबाईलवरून नजर न काढता त्यांनी सवयीने हात पुढे केला.

"बाबली, पाणी."

बाटली हातात आली.

साहेब घोटभर प्याले. थांबले.

"खारां लागता रे... तू दिलंस?"

"साहेब... माझे दोनय हात स्टिअरिंगार आसत."

नुसता एसीचा आवाज. डावीकडे कोणी नव्हतं. सीट मात्र दबलेली होती...

"सुदेश... वजन... वरसून वजन येता..."

आरशात साहेब खाली जात होते. मान छातीत. तोंड उघडं. आवाज नाही...

"सोड रे तेंका, बाबल्या!" सुदेश ओरडला. "उद्या खरां तां सांगतलंय मी!"

साहेबांनी श्वास घेतला.

सकाळी सुदेशने जबाब दिला. बाबली पूर्ण शुद्धीत होता. खाडीच्या चिखलात पाय रोवून त्याने साहेबांना आपल्या खांद्यांवर उभं केलं, दुसरी होडी येईपर्यंत. स्वतः पाण्याखाली. साहेबांनी तो जबाब खोडला नाही. सुदेशची नोकरी तेवढी गेली.

साहेबांच्या घरून निघताना त्यांच्या बायकोने, विनीताबाईंनी, त्याला आत बोलावलं. साहेब भिंतीकडे तोंड करून बसले होते. बाईंनी त्यांचा सदरा वर केला.

सदरा स्वच्छ होता. पण कातडीवर, दोन्ही खांद्यांवर, काळ्या चिखलाची अनवाणी पावलं.

धुऊन जात नाहीत.