यादीतला सतरा नंबर

गुरुपाद त्या दुकानात पहिल्यांदा शिरला तो सिनेमा मागायला नव्हे, पाणी मागायला.

एप्रिलची दुपार. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती आणि पाऊस रुसून दोन. नवा जिल्हा म्हणजे नवी कचेरी, नवे साहेब, नव्या पाट्या. नळाला मात्र आठवड्यातून एकदा पाणी, तेही करंगळीएवढी धार. गंजगोलाई बाजाराच्या मागच्या गल्लीत शिवलिंगची व्हिडिओ लायब्ररी होती. दुपारी शिवलिंग जेवायला गेला की त्याची धाकटी बहीण महादेवी काउंटर सांभाळायची. तर त्या दुपारी तिनं मान वर केली, तो समोर एक घामाघूम तरुण. काखेत फाइल, आणि चेहऱ्यावर असा संकोच की जणू उसनी साखर मागायला आलाय.

"थोडं... पाणी मिळंल का हो?"

महादेवीनं माठातून अर्धा पेला भरून दिला. पूर्ण पेला त्या वर्षी कुणी जावयालाही देत नव्हतं. पेला देता देता तिची नजर फाइलीवर गेली. वर लिहिलं होतं – टंचाई शाखा, जिल्हाधिकारी कार्यालय.

"म्हणजे गावोगाव टँकर धाडता ते तुम्हीच?"

"हाव."

"अन् पाणी आमच्याकडं मागून राहिले?"

तो असा लाजला की कान लाल झाले. "खेड्यापाड्याला धाडतो हो. माझ्या खोलीवर कोण धाडणार?"

अर्धा पेला पाणी त्यानं प्रसादासारखं पुरवून पुरवून प्यायलं. आणि पिता पिता त्याची नजर भिंतीवर गेली, तिथंच खिळली.

भिंतीवर महादेवीच्या याद्या होत्या. पुठ्ठ्यावर, निळ्या शाईनं, ठसठशीत अक्षरात. 'वडीलधाऱ्यांसोबत बसून बघण्यासारखे'. 'रडून मोकळं व्हायचं असेल तर'. 'पाहुणे हलत नसतील तर' – यातले सगळे सिनेमे तीन तासांच्या वरचे. 'पोट धरून हसायचे'. सगळे मिळून साठ सिनेमे, प्रत्येकाला नंबर. मेंबर झालात की एक कार्ड मिळायचं, त्यावर एक ते साठ चौकोन. सिनेमा बघून झाला की महादेवी त्या चौकोनात लाल पेनानं खूण करायची. लातूरच्या बायका या खुणांपायी येड्या झाल्या होत्या. डॉक्टरीणबाई आणि तहसीलदारीणबाई यांच्यात तर साठ आधी कोण गाठतं यावरून बोलणं बंद होतं म्हणे.

"हे सगळे..." गुरुपादचा आवाज आदरानं खाली आला, "तुम्ही बघितलेत?"

आणि इथंच, बघा, आमच्या महादेवीची जीभ घसरली.

"बघितल्याशिवाय लिहिते होय?"

शुद्ध थाप! साठातले तिनं बघितले होते चार. अहो, बघणार कसे? तिचे अप्पा, पंचाक्षरी अप्पा, डाळीचे मोठे व्यापारी, पण सिनेमाचं नाव काढलं की कपाळावर आठ्या. पोराच्या हट्टापायी दुकान काढू दिलं, तेही अट घालून – भाड्यानं द्यायला हरकत नाही, बघायला आहे. घरात टीव्ही नाही. दुकानातला व्हिडिओ प्लेअर सकाळी भाड्यानं जायचा तो रात्रीच परतायचा. हलवायाच्या पोरीला गोड खायची बंदी असावी, तशी गत. मग याद्या कशा झाल्या? तर बायकांच्या तोंडून. कॅसेट परत द्यायला आलेली बाई काय बोलते, डोळे सुजलेत का, हसताना पदर तोंडाला लावते का, हे महादेवी बारकाईनं बघायची आणि लिहून ठेवायची. माणसं वाचण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण ते सांगायचं सोडून ती थाप मारून बसली.

गुरुपाद त्याच दिवशी मेंबर झाला.

मग दर शनिवारी, कचेरी सुटली की स्वारी हजर. शनिवारी संध्याकाळी काउंटरवर बसायला महादेवी हल्ली स्वतःहून पुढं व्हायची, आणि शिवलिंगला त्यात काही वेगळं दिसलं नाही. भाऊच तो. गुरुपाद आंध्राच्या सीमेवरल्या धर्माबादचा, वडील महादेवप्पा मिरचीचे अडत व्यापारी. बोलायला मोकळा, मधूनच एखादा तेलुगू शब्द पेरणारा. दिवसभर सरपंचांच्या शिव्या खाऊन आलेला असायचा. पण दुकानाची पायरी चढला की चेहरा धुतल्यासारखा होई.

"आज कोणता देता?"

"मन कसं हाय त्यावर."

"मन... इथं आल्यावर बरंच हाय."

महादेवी कॅसेट शोधायच्या निमित्तानं पाठ वळवायची. उगीच! कॅसेट समोरच असायची.

आणखी एक गोष्ट तिच्या मनात भरली होती. बाकीचे मेंबर कॅसेट अर्ध्यावर सोडून तशीच आणून आदळायचे, मग ती मागं गुंडाळून ठेवायचं काम महादेवीचं. गुरुपादची कॅसेट यायची ती अगदी पहिल्या टोकाला गुंडाळलेली, नवरीसारखी नीटस. किती व्यवस्थित माणूस, तिला वाटायचं. लगेच दुसरा विचार यायचा – आणि मी त्याला काय काय थापा मारून राहिले!

कारण एक थाप निभवायला दहा माराव्या लागतात. यादीतला सतरा नंबर घ्या. जुना, काळा-पांढरा, ज्यातले नट-नट्याही कुणाला आठवत नाहीत असा. तो फक्त शेजारच्या गुणाबाईंनी नेला होता आणि दुसऱ्या दिवशी म्हणाल्या होत्या, "हसून हसून पुरेवाट झाली गं!" महादेवीनं टाकला हसायच्या यादीत. तो गुरुपादनं नेला आणि परत घेऊन आला.

"कसा वाटला?"

"लई हसलो. शेजारचे उठून बघायला आले."

"अन् शेवट?" महादेवीनं जाणकारासारखी भुवई उचलली.

"शेवट? अहो, शेवटाला तर मी खाटेवरून पडलो!"

"हाव ना. शेवट लईच भारी," महादेवी म्हणाली आणि लाल खूण करून मोकळी झाली.

श्रावण कोरडाच गेला, आणि एका शनिवारी गुरुपाद आला तो पडक्या चेहऱ्यानं. बदली. नांदेडला. सोमवारी हजर व्हायचं होतं.

महादेवीच्या हातातलं पेन तसंच राहिलं. न विचारताच तिनं माठातून पेला भरला. पूर्ण, काठोकाठ.

गुरुपादनं पेल्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. "एक बोलू? माझ्या मनात... म्हणजे तुमच्या अप्पांना पत्र टाकावं, असं हाय. तुमची हरकत नसंल तर."

महादेवी काउंटरवर सांडलेलं पाणी पदरानं पुसू लागली.

"तुमच्याइतकं सिनेमाचं कळणारं माणूस मी बघितलं नाही. आमच्या धर्माबादेत असं कुणी नाही. पण त्याआधी एक इच्छा हाय – तुमच्यासोबत बसून एक तरी सिनेमा बघायचा. मग लगेच पत्र."

तो गेला. महादेवी मात्र त्या रात्री जेवली नाही. त्याला आवडली होती ती साठ सिनेमे बघितलेली पोरगी, आणि ती पोरगी या जगात नव्हतीच! खरं सांगावं तर तो जाणार. न सांगावं तर जन्मभर न बघितलेल्या सिनेमांवर गप्पा मारत संसार करायचा. तिला धड रडूही येईना.

पंधरा दिवसांनी दुकानाच्या पत्त्यावर पोस्टकार्ड आलं. 'स. न. वि. वि. आपल्या यादीतील क्रमांक सतरा येथे स्टेशनजवळच्या टॉकीजात मॅटिनीला लागला आहे. माहितीस्तव. – एक मेंबर.' शिवलिंगनं दोनदा वाचलं, "टंचाई शाखेत बसून माणूस येडा होतोय," म्हणाला आणि कार्ड काउंटरवर टाकलं.

महादेवीनं त्याच दिवशी उत्तर धाडलं. 'कार्ड पोचले. येत्या गुरुवारी लायब्ररीचे प्रतिनिधी पाहणीसाठी येत आहेत.'

प्रतिनिधी कोण, ते सांगायला नकोच. नांदेडला शिवम्मामावशीच्या लेकीचं डोहाळजेवण होतं, मदतीला कुणीतरी हवंच होतं. अप्पांनी आनंदानं धाडलं. मावशीला तिनं सिनेमाचं सांगितलं. हसायचा आहे, शिवाय लायब्ररीचे एक मेंबरही येणार आहेत.

"मेंबर?" मावशीनं तिला खालून वर न्याहाळलं. "बरं बरं. मलाही बघू दे मेंबर कसा असतोय."

तर गुरुवारी टॉकीजात अशी बैठक जमली – एका बाजूला महादेवी, दुसऱ्या बाजूला गुरुपाद, आणि मधे फुटाण्यांची पुडी घेऊन चौकीदारासारखी शिवम्मामावशी. गुरुपादनं इस्त्रीचा सदरा घातला होता. मावशीच्या डोक्यावरून एकदा नजरानजर झाली आणि दोघांनीही लगेच पडद्याकडं बघितलं, तेव्हा पडद्यावर साबणाची जाहिरात चालू होती.

सिनेमा सुरू झाला. आणि खरोखर, काय हसवलं म्हणता! नायक नोकरीसाठी आचाऱ्याचं सोंग घेतो, भातात साखर टाकतो. मावशी फुटाणे सांडेपर्यंत हसली. महादेवीचा जीव भांड्यात पडला. गुणाबाई, तुमच्या तोंडात साखर पडो!

मध्यंतरात गुरुपादनं तिघांना चहा आणला.

"पुढं तर अजून मजा हाय," तो ऐटीत म्हणाला.

"हाव. शेवट बघाच मावशी," महादेवीनं री ओढली.

मध्यंतरानंतर दहाव्या मिनिटाला नायकाची आई वारली.

मग बायको अंथरुणाला खिळली. मग घर गेलं. मग तान्हं लेकरू तापानं फणफणलं आणि औषध आणायला गेलेला नायक पुरात अडकला... अख्खं टॉकीज मुसमुसत होतं. मावशी तर पदराचा बोळा तोंडात धरून रडत होती. महादेवीच्या डोळ्यांतूनही धारा लागल्या, त्यातल्या अर्ध्या त्या लेकरासाठी, अर्ध्या स्वतःसाठी. संपलं, तिला वाटलं. आता हा विचारणार – बाई, हा सिनेमा तुम्ही नक्की कुठं बघितला होता?

आणि तेव्हाच तिच्या डोक्यात उजेड पडला. गुणाबाई कॅसेट लावायच्या दुपारी एकला. लाइट जायची अडीचला! दुष्काळात रोजच जायची ती संध्याकाळपर्यंत. बाई मध्यंतरापर्यंतच बघून हसत हसत कॅसेट परत देऊन गेली होती. अरे देवा, म्हणजे दुपारच्या बायकांचं ऐकून लिहिलेली अर्धी यादी अर्ध्याच सिनेमांची!

दिवे लागले. मावशीनं नाक पुसलं, आधी डावीकडं बघितलं, मग उजवीकडं.

"काय गं, तू बघितला होतास ना हा? अन् तुम्ही मेंबर? शेवट लई मजेचा म्हणून राहिले होते दोघं! मेलं की ते लेकरू!"

दोघांच्याही माना खाली. मावशी काय ते समजली. "मी बाहेर गोटी सोडा पिते," म्हणाली, "रडून घसा सुकलाय. तुम्ही या सावकाश," आणि पदर सावरत पुढं निघाली.

टॉकीजाच्या ओट्यावर ऊन कलंडलं होतं. गुरुद्वाऱ्याकडं जाणारे रिक्षावाले ओरडत होते. महादेवीनं डोळे मिटले आणि एका दमात बोलून टाकलं.

"मी साठातले चारच बघितलेत. आता पाच. बाकी सगळं बायकांचं ऐकून लिहिलंय. आमच्या घरी टीव्हीच नाही. तुम्हाला खोटं बोलले पहिल्याच दिवशी, मग मागं फिरता येईना. आता पत्र नाही टाकलं तरी चालंल."

तिनं एक डोळा किलकिला केला. गुरुपाद तोंडावर हात दाबून उभा होता, आणि त्याचे खांदे हलत होते. रडतोय? छे... हसत होता!

"तुमच्या घरी टीव्ही तरी नाही म्हणता," तो कसाबसा म्हणाला, "माझ्या खोलीत तर एक बल्ब अन् एक स्टोव्ह हाय."

"म्हणजे? व्हिडिओ...?"

"कुठला व्हिडिओ! शनिवारी कॅसेट न्यायची, ट्रंकेवर ठेवायची, पुढच्या शनिवारी आणून द्यायची. तुमच्या कॅसेटी नीट गुंडाळलेल्या का यायच्या, कधी कोडं पडलं नाही? लावल्याच नव्हत्या कधी!"

महादेवी एकदम त्याच्याकडं वळली. "अन् खाटेवरून पडलात ते?"

"खाट पण नाही हो. चटईवर झोपतो."

मग मात्र तिला राहवलं नाही. ती हसली ती अशी की ओट्यावर बसूनच घेतलं. एप्रिलपासून छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलून बाजूला केला होता, आणि किती हलकं, किती मोकळं वाटत होतं! इतके दिवस ज्याला भिऊन झोप लागत नव्हती, तो माणूसही बिचारा तितकाच भ्यालेला होता. गुरुपादही तिच्याशेजारी, चांगला हातभर अंतर सोडून, टेकला.

"पण तुम्ही म्हणालात," तिनं डोळे पुसत विचारलं, "सिनेमाचं कळणारं माणूस पाहिजे..."

"काहीतरी बोलायचं म्हणून बोललो. तुमच्या बोटाला शाई लागलेली असायची, ती चांगली दिसते असं कसं म्हणणार? सिनेमे काय, बघू की पुढं. पन्नास वर्षं हायत." मग त्याचा आवाज एकदम लहान झाला. "हायत ना?"

महादेवी उत्तर देणार, तोच सोड्याच्या गाडीवरून मावशीचा आवाज आला. "ओ मेंबर! सुपारी-तंबाखू काही आहे का तुम्हाला?"

"नाही मावशी!"

"अन् सिनेमाचा नाद?"

"आजपातूर एक बघितला! तो पण तुमच्यासोबत!"

"मग भाऊजींना मी समजावते," मावशी म्हणाली आणि सोड्याची दुसरी बाटली फोडायला सांगितली.

गुरुपाद अजून महादेवीकडंच बघत होता. मावशीचं झालं होतं, उत्तर तिचं राहिलं होतं. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं... सोडलं... परत गुंडाळलं. मग मान वर करून सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं.

"तुम्ही मला आवडता," ती म्हणाली. "अन् हे मी कुणाचं ऐकून सांगत नाही."