पडद्याआडची माणसं

बसा राव. कंदील जवळ घ्या. चहा कोरा आहे, दूध मांजरानं प्यायलं असं मी सगळ्यांना सांगतो. मांजर पाळलेलं नाही.

चैत्रातली गोष्ट. ओझरला भांड्यांना कल्हई लावून मी जुन्नरात परत आलो, तर नदीकाठच्या आमच्या गल्लीत कुदळी चालू. कमिटीनं ठरवलं होतं की ही गरिबांची घाण वस्ती पाडायची, रुंद रस्ता काढायचा आणि आम्हाला पलीकडं कौलारू पक्क्या खोल्या द्यायच्या. चांगलंच होतं. पण खोली कुटुंबाला. एकट्या माणसाला काही नाही, त्यानं धर्मशाळा गाठायची.

आता मी साठीचा, बिनलग्नाचा कासम कल्हईवाला. आयुष्यभर लोकांच्या खोड्या काढल्या. धर्माजी शिंप्याचा नवा शिवलेला सदरा गाढवाला घालून बाजारात सोडला होता. असल्या माणसाला मुलगी कोण देणार? धर्मशाळेत मरायची मला मात्र भीती वाटायची. तिथं माणूस मेला तर वासावरून कळतं.

म्हणून एक शेवटची खोडी काढली. मोजणीचा कारकून भगवंत नवा होता, पुण्याकडून आलेला. त्याला सांगायचं, बायको आहे, पण गोषात. आमच्यात पडद्यातली बाई परक्या पुरुषाशी बोलत नाही, आतून दाराची कडी वाजवते. एकदा वाजवली की हो. माझा दोस्त सत्तार मागच्या दारानं येऊन आत बसणार आणि कडी वाजवणार, असं ठरलं.

भर दुपारी कारकून आला. कुदळीवाले जेवायला गेले होते. गल्ली अशी गप्प, की उन्हात तापलेल्या पत्र्याची करकर ऐकू यावी.

"घरात कोण?" भगवंतनं विचारलं.

"बायको. राजुरीची."

"या वयात, कासमचाचा?"

"उशिरा पिकलेला आंबा, साहेब."

तो हसला. मग आतल्या खोलीच्या गोणपाटाच्या पडद्याकडं तोंड करून अदबीनं म्हणाला, "बाई, आत आहात ना?"

कडी वाजली. एकदा. मनात म्हटलं, शाबास सत्तार.

"तुम्ही धरून आत किती माणसं?"

हे ठरलंच नव्हतं. सत्तार काय करतो, म्हणून मी कान दिला. मग कडी वाजली... आणि पुन्हा वाजली.

"दोन? दुसरं कोण?"

"सासू," मी म्हणालो. "बहिरी आहे."

भगवंतनं तीन माणसं लिहिली, मोठी खोली मंजूर केली आणि गेला. मी हसत पडद्याकडं वळलो, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाकडून सत्तार धापा टाकत आला.

"माफ कर, कासम. डोळा लागला व्हता. कारकून आला का?"

आम्ही दोघं आत गेलो. कुणी नव्हतं. सत्तारसाठी उघडं ठेवलेलं मागचं दार आतून अडसर घालून बंद. दाराची कडी हलत होती... आणि ओल्या मेंदीचा वास.

सत्तारनं माझा दंड धरला. "जा, सांगून टाक त्याला. नको ती खोली."

"आणि मी जाऊ कुठं?"

त्यानं दंड सोडला. त्याला स्वतःला पाच पोरं आणि एक खोली. मी कारकुनाला नाही सांगितलं.

सामान हलवलं त्या दिवशी रिकाम्या घराच्या उंबऱ्यात उभा राहून मी थट्टेनंच म्हटलं, "येताय ना?" थट्टा करायची सवय. शिवाय राव, साठ वर्षांत मी कुणाला असं कधी विचारलं नव्हतं.

नव्या खोलीशेजारी दिलावर म्हणून एक, त्याची बायको इशरत. ती दुसऱ्या वस्तीतली, मला ओळखत नव्हती. आठ दिवसांनी मी कामावरून आलो, तर ती माझ्याच दारातून बाहेर येत होती, रिकामी वाटी घेऊन.

"साखर द्यायला आले व्हते," ती म्हणाली. "भाभी लई गुणी. पण रडत व्हत्या, चाचा."

मी विचारलं, "का?"

"म्हणल्या, यांनी मलाच इचारलं... दुसऱ्याला इचारलंच न्हाई. ते तिथंच राह्यलं."

मी तसाच उलट्या पावली जुन्या गल्लीकडं गेलो. भिंती नव्हत्या. सपाट जमिनीवर खडी पसरलेली. हाक मारावी म्हणून तोंड उघडलं, पण काय म्हणून मारू? सासू तर मी म्हणालो होतो, कडी वाजवणारीनं नाही. नुसतंच म्हणालो, "चला. घरी चला." खडी फोडणारे बघून हसले. मला हसणारे लोक मी प्रथमच पाहिले. आजवर हसायचं काम माझं होतं.

तेव्हापासून रोज जातो. तीन माणसांच्या घरात एकटाच जेवतो, आणि जातो. कुणी येत नव्हतं.

आज मात्र येताना मागं खडी वाजत होती. मी थांबलो की थांबायची. वळून बघितलं नाही.

उंबऱ्यावरून जरा सरकून बसा, पावणं. वाट सोडा.