संघ गेला, गवत राहिलं

माझ्या थोरल्या बहिणीला, विंकाला, जुळं झालं ते साल १९६७. त्या उन्हाळ्यात मी कॅन्सस सिटीच्या बेसबॉल मैदानात शेंगा विकत होते. एकदा ऐन खेळात पाऊस कोसळला. मैदानाचे कामगार ताडपत्री ओढायला धावले, पण वाऱ्याने एक कोपरा हाती लागेना... मी कठड्यावरून उडी मारली आणि तो धरला.

"ए शेंगावाली, सोड! उडून जाशील!" एक उंच पोरगा ओरडला.

"मग तू धर की, गवत्या!"

त्याचं नाव डेल्मार. मैदानाचं गवत तो राखायचा. माझ्या भिजलेल्या शेंगा त्याने विकत घेतल्या, वर खाल्ल्यासुद्धा.

"कशा आहेत?"

"भिकार. उद्या परत आण."

मी रोज नेऊ लागले.

ऑक्टोबरात कळलं, मालक संघच कॅलिफोर्नियाला हलवणार. डेल्मारलाही तिकडचं बोलावणं आलं. गावात मात्र एकच चर्चा — लीग नवे संघ काढणार, त्यातला एक आपल्याला मिळेल का?

तेव्हापासून डेल्मार माझ्याशी बोलेनासा झाला. आईने केलेली पोवित्सा, म्हणजे अक्रोड भरलेला गोड पाव, मैदानात नेली, तर ती घेऊन चार खुर्च्या सोडून बसला.

"जायचं ठरलंय ना तुझं? तोंडाने सांग की!"

त्याने ओठांवर बोट ठेवलं.

"आणि ऐक, मी काही संघाच्या सामानातली पेटी नाही. चल म्हटलंस की ट्रकात चढायला!"

डोळे पुसत मी पायऱ्या चढू लागले. तेवढ्यात वरच्या खोलीतून मुकादम ओरडला, "मिळाला रे! रेडिओवर सांगतायत, नवा संघ मिळाला!"

डेल्मार खुर्च्यांवरून उड्या मारत आला. "झोर्का, मी जात नाहीये! आता बोलतो... संघ मिळाला नसता तर इथे मला काम नव्हतं. कुठल्या तोंडाने तुला मागणी घालणार होतो?"

"मग इतके दिवस दातखीळ बसली होती?"

"चेंडू फेकणाऱ्या पिचरने खेळभर एकालाही फटका मारू दिलेला नसला, की काय करतात?"

"कोणी त्या गोष्टीचं नाव काढत नाही. बाकावर त्याच्या शेजारीसुद्धा बसत नाहीत, दृष्ट लागते म्हणून..." मी थांबले. "अरे येड्या! ते खेळात!"

"मला काय माहीत, कुठपर्यंत लागू असतं ते..."

हसू आवरेना. "नव्या संघात दुसऱ्यांनी नको म्हटलेले खेळाडू येतात. वर्षानुवर्षं हरतील."

"हरू देत. इथलं उपटून तिकडे लावायला मी जाणार नाही. मला इथेच नवं रुजवायचंय... तुझ्याबरोबर."

"आधी ती पोवित्सा संपव," मी म्हणाले, आणि त्याच्या अगदी लगत बसले.

पुढचं वर्षभर खेळच नव्हता. रिकाम्या मैदानात तो गवत कापायचा आणि मी त्याचा डबा न्यायचे. १९६९ च्या वसंतात नवा संघ उतरला, त्याच्या आदल्या शनिवारी आमचं लग्न झालं. संघ खूप हरला; आम्ही खूप शिव्या घातल्या आणि एकही खेळ चुकवला नाही. पुढे तो जिंकायलाही लागला.

डेल्मार २०११ च्या मार्चमध्ये वारला; त्या वसंतातला पहिला खेळ मी त्याच्या रिकाम्या खुर्चीच्या अगदी लगत बसून पाहिला.